स्टॅगहॉर्नची तपकिरी पानं काढायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात मानपाड्याजवळ चौदाव्या मजल्यावर घर, पश्चिमेची बाल्कनी. जानेवारीत फळीवर बांधलेला स्टॅगहॉर्न नेचा विकत आणला. विकणाऱ्याने सांगितलं, 'कायम ओला ठेवा', म्हणून सकाळ-संध्याकाळ स्प्रे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर 'नेच्याला पाऊस मानवतो' म्हणून फळी कठड्याजवळ मोकळ्यावर टांगली. आता बुडाशी चिकटलेली गोल पानं तपकिरी झाली आहेत. एका लांब पानाच्या टोकाखाली तपकिरी मखमली थर आला आहे. पानांवर पांढुरकी भुकटी होती, ती ओल्या फडक्याने पुसून काढली. आणि दोन लांब पानं बुडापासून काळी, मऊ पडून लोंबतायत. सोसायटीच्या माळीदादांचं म्हणणं, सुकलेलं सगळं खेचून काढा आणि झाड लाल माती-शेणखत घालून कुंडीत लावा. तसं करू का, आणि औषध कुठलं मारू?

ताई, कुंडीत लावू नका आणि औषध आत्ता कुठलंच नको. आज करायचं ते एवढंच: फळी पावसातून आत घ्या आणि पाणी बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या चार तक्रारींपैकी तीन या तक्रारीच नाहीत, त्या आधी बाजूला काढू.

स्टॅगहॉर्नला दोन तऱ्हेची पानं येतात. एक झाडाच्या सालीला किंवा फळीला चिकटून बसणारी, गोलसर, मुळांवर पांघरलेली. त्यांना मी ढालपानं म्हणते. दुसरी पुढे झुकणारी, टोकाला फाटे फुटलेली, ती शिंगपानं. ढालपान सुरुवातीला पोपटी असतं, काही महिन्यांत तपकिरी आणि कडक होतं आणि तसंच जागेवर राहतं. पुढचं ढालपान त्याच्यावर चढतं. वर्षानुवर्षं साठणारे हे थर म्हणजेच या झाडाची माती. वरून पडलेला पाचोळा, धूळ, किड्यामुंग्यांची घाण त्यांच्यामागे अडकते, कुजते आणि मुळं त्यातून अन्न घेतात. पावसाचं पाणीही तेच थर धरून ठेवतात. ती पानं खेचली की मुळं उघडी पडतात, आणि बहुतेक वेळा वाढीचा कोंबही दुखावतो, कारण नवी पानं तिथूनच निघतात आणि एका झाडाला कोंब एकच असतो. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, काढायची नाहीत. कडेने फाटली, वेडीवाकडी दिसली तरी राहू द्या.

टोकाखालचा मखमली थर म्हणजे बीजाणू. नेच्याला फूल नाही की बी नाही, तो बीजाणूंनी पसरतो. तुमचं झाड वयात आलंय इतकाच त्याचा अर्थ. कीड आणि बीजाणू यांत गोंधळ फार जण करतात, म्हणून फरक सांगते. बीजाणूंचा थर फक्त शिंगपानाच्या टोकाकडे, खालच्या बाजूला, एकसंध असतो. खवले कीड असेल तर वेगवेगळे फुगीर ठिपके दिसतात, ते पानावर कुठेही, विशेषतः शिरांच्या कडेने असतात. नखाने उचलले तर निघतात आणि आजूबाजूला चिकटपणा असतो, बऱ्याचदा मुंग्याही.

पांढुरकी भुकटी हे पानावरचे अतिशय बारीक, चांदणीच्या आकाराचे केस असतात. पानातून पाणी उडणं त्यांनी कमी होतं आणि कडक प्रकाशाचा मारही थोडा कमी बसतो. पुसलेल्या पानावर ते परत उगवत नाहीत, पण नवं पान ते घेऊनच येतं. त्यामुळे झालं ते झालं, इथून पुढे फडकं नको. धूळ फार बसलीच तर साध्या पाण्याची हलकी धार पुरते.

उरली ती काळी, मऊ पडलेली दोन पानं. हा मात्र आजार आहे, आणि तो पाण्याचा आहे.

आपल्या डोळ्यांपुढे नेचा म्हटलं की जो येतो तो विहिरीच्या आतल्या भिंतीवरचा हंसराज. दगडांच्या फटीत, सावलीत, खालून कायम ओल. त्याला एक दिवस पाणी चुकलं तरी पानं वाळतात. म्हणून 'नेचा म्हणजे ओलावा' हे आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं, विकणाऱ्यांच्याही. पण आपल्याच भागात दुसरा नेचा आहे, बाशिंग. कोकणात जुन्या आंब्या-फणसांच्या खोडांवर असतो, ठाण्याजवळ येऊरच्या जंगलातही झाडांवर दिसतो. त्यालाही दोन तऱ्हेची पानं: खोडाला चिकटलेली तपकिरी, आणि बाहेर आलेली लांब हिरवी. उन्हाळ्यात बघितलंत तर हिरवी पानं झडलेली असतात, कुठे नुसत्या मधल्या शिरा उरलेल्या, आणि फांदीला बिलगलेलं केसाळ जाड खोड. झाड मेलंय असंच वाटतं. पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्यातूनच नवी पानं फुटतात. ज्या फांदीवर तो बसलाय ती पाऊस थांबल्यावर काही वेळातच वाळते, आणि त्याचं सगळं आयुष्य या भिजण्या-वाळण्यावर बेतलेलं असतं. (बघायला जरूर जा, आणायला नको. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तिथून झाडपाला उचलणं हा गुन्हा आहे.)

स्टॅगहॉर्न हा बाशिंगाच्या वळणाचा आहे, हंसराजाच्या नाही. बाजारात सर्वांत जास्त मिळतो त्याचं शास्त्रीय नाव प्लॅटिसेरियम बायफर्केटम. मूळ पूर्व ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, जावा या पट्ट्यातला, झाडांवर आणि खडकांवर वाढणारा. याचा एक भाऊबंद आपल्या मणिपूरच्या जंगलातही आहे. फरक इतकाच, की बाशिंग उन्हाळ्यात पानं टाकून मोकळा होतो, तुमचा स्टॅगहॉर्न तसं करत नाही. म्हणून त्याला महिनोन् महिने कोरडं ठेवणंही चालणार नाही. भिजवायचं, वाळू द्यायचं, परत भिजवायचं. यातलं 'वाळू द्यायचं' हे तुमच्याकडे जूनपासून झालेलंच नाही.

यावर कुणीही विचारेल, की जंगलात याहून मोठा पाऊस पडतो, तिथे कसा कुजत नाही? कारण फांदीवर पाणी वरून येतं आणि खाली निघून जातं. चारी बाजूंनी वारा असतो. तुमच्या फळीवर मात्र ढालपानांमागे मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, गोळा आहे आणि त्यामागे सपाट लाकूड. गोळ्यात गेलेलं पाणी बाहेर पडायला फक्त पुढची बाजू उरते, तीही ढालपानांनी झाकलेली. एप्रिलमध्ये संध्याकाळी मारलेला स्प्रे सकाळपर्यंत उडून जातो, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही. जुलैत ठाण्याच्या हवेतच इतकी ओल असते, की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मग मॉस कसं वाळणार? त्यात तुमची बाल्कनी पश्चिमेची. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि झड सरळ आत आणतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पोकळ्यांत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते आणि पान बुडापासून काळं पडायला लागतं. बुरशी इथे मागाहून आलेली असते, म्हणून ओल तशीच ठेवून औषध मारणं म्हणजे पैसे वाया.

काळेपणा बुडापासून सुरू झालाय की टोकापासून, हे बघायची सवय लावून घ्या. बुडापासून मऊ आणि काळं म्हणजे जास्त पाणी. टोकापासून कोरडं, कुरकुरीत, तपकिरी म्हणजे पाणी कमी, हवा कोरडी किंवा पाण्यात क्षार जास्त. मधेच, उन्हाकडच्या बाजूला फिकट पडून भाजल्यासारखा डाग म्हणजे ऊन. तुमचं वर्णन पहिल्यात बसतं.

आता खरं काय करायचं ते तुमच्या झाडाच्या आत काय शिल्लक आहे यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. म्हणून आधी तपासा. शिंगपानं जिथून निघतात तिथे मधोमध कोंब असतो, बारीक लव असलेला. बोटाने अगदी हलकेच दाबा. टणक लागला तर झाड शाबूत आहे. दाबल्यावर बोट आत गेलं किंवा पाणी आलं तर तो गेला. मग ढालपानांच्या कडेला नाक लावा. जंगलातल्या पाचोळ्याचा वास आला तर ठीक. आंबूस, तुंबलेल्या गटारासारखा वास आला तर आतला मॉस सडलाय. शेवटी फळी उतरवून मागची बाजू बघा, काळी बुळबुळीत आहे का.

कोंब टणक आणि वास ठीक, असं असेल तर फार काही करायचं नाही. काळी दोन पानं ओढू नका. कात्री स्पिरिटने पुसून बुडापाशी कापा. फळी घरात, खिडकीजवळच्या उजेडात, पंख्याच्या वाऱ्याला टांगा. एसीच्या थेट झोताखाली नको. मॉस बोटाला कोरडं लागेपर्यंत, आणि शिंगपानं जराशी मलूल दिसायला लागेपर्यंत, पाण्याचा थेंब नको. त्याला पाच दिवस लागोत की पंधरा. पावसाळ्यात हा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. शिंगपानांत पाण्याचा बराच साठा असतो, त्यामुळे तुमच्या कल्पनेपेक्षा झाड जास्त दिवस तग धरतं.

कोंब टणक पण आत आंबूस वास, असं असेल तर झाड फळीवरून सोडवावं लागेल. दोरा कापा, फळी आणि ढालपानांच्या मधून सुरीची बोथट बाजू सरकवत झाड सबंध सुटं करा. पाठीमागचा सडलेला मॉस आणि काळी, दाबल्यावर साल सुटणारी मुळं काढा. तपकिरी पण टणक मुळं जिवंत असतात, ती राहू द्या. दोन दिवस वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, पाठ वर करून ठेवा. मग नव्याने बांधा.

तांबेयुक्त बुरशीनाशक नेच्यावर मारू नका, तांबं नेच्यांना सोसत नाही. याच कारणाने बांधायला तांब्याची तार वापरत नाहीत. नर्सरीत तंगूस वापरतात, मासेमारीचा नायलॉनचा दोरा, तोच घ्या. दिसतही नाही आणि कुजतही नाही.

बांधणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्मे रोग तिथून सुरू होतात. लाकूड सागाचं किंवा फणसाचं. जुन्या दाराखिडकीचा तुकडा असेल तर रंग आणि वॉर्निश घासून काढा. प्लायवूडचे थर एका पावसाळ्यात सुटतात. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण लवकर किडते. फळीला मागे, चारी कोपऱ्यांत, दोन बोटं उंचीचे लाकडी ठोकळे किंवा टाइलचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फळीच्या मधून वारा खेळेल. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. फळीला चार-पाच भोकं पाडलीत तर आणखी चांगलं.

मग मॉस. परदेशी व्हिडिओंमध्ये उशीएवढा मॉसचा गोळा बांधताना दाखवतात. त्यांच्याकडे हीटर लावलेलं कोरडं घर असतं, तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडे मूठभर मॉस, दाबल्यावर बोटभर जाडीचा, बास. मी तर निम्मं मॉस आणि निम्मे सोडणाचे तुकडे घालते. नारळाच्या सोडणात हवा राहते आणि ते मॉसइतकं लवकर सडतही नाही. फक्त ते आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून धुवायचं, कारण त्यात क्षार आणि तांबूस रंग असतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. बांधताना कोंब बाहेर आणि मोकळा राहील, शिंगपानं खाली-पुढे झुकतील असं झाड ठेवा. दोरा तपकिरी ढालपानांवरून घ्या, हिरव्या पानांवरून आणि कोंबावरून नाही. ढालपानाने नव्याने फळी धरली की दोरा आपोआप झाकला जातो.

लाल माती-शेणखताबद्दल: माळीदादा ज्या झाडांत वावरतात त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. बॉस्टन फर्नला ते चालेलही. या झाडाला मातीत पुरलं की कोंब ओल्या मातीखाली जातो आणि पुढच्या पावसाळ्याआधीच कुजतो. कुंडीतच हवं असेल तर जाळीची टोपली घ्या, फक्त सोडणाचे मोठे तुकडे भरा आणि कोंब वर ठेवा.

पाणी कसं द्यायचं? स्प्रे बाजूला ठेवा. स्प्रेने वरचं मॉस कायम ओलं राहतं आणि आतलं कधी कोरडं, कधी चिंब, आपल्याला कळतच नाही. त्याऐवजी फळी उतरवून बादलीत झाडाची पाठ बुडेल अशी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग बाथरूममध्ये निथळत टांगा, पाणी ठिबकायचं थांबलं की परत जागेवर. पुन्हा कधी? फळी हातात घेऊन ठरवा. भिजवल्यावर किती जड लागते आणि वाळल्यावर किती हलकी, हे तीन-चार वेळा लक्ष देऊन बघितलंत की हाताला कळायला लागतं. आपल्याकडे साधारणपणे मार्च ते मे दोन-तीन दिवसांनी, थंडीत चार-सहा दिवसांनी लागतं. पावसाळ्यात हवेची ओलच पुष्कळ असते, आडोशाला टांगलेल्या फळीला मी आठवडा-दहा दिवस हात लावत नाही. पण तुमचा मजला, वारा, मॉसची जाडी यांनी हे सगळे आकडे इकडेतिकडे होतात. फळीचं वजन खोटं बोलत नाही.

पाणी कुठलं, हेही बघा. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार जास्त असतात. मॉसवर पांढरा खरपुडा दिसायला लागला तर तेच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, ते या झाडाला छान चालतं. बरेच दिवस बंद असलेला एसी सुरू केल्यावरचं पहिलं, घाण घेऊन येणारं पाणी तेवढं सोडून द्या. पावसाचं पाणी पिंपात साठवलंत तर उत्तमच, झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डास.

उजेडाचं म्हणाल तर तुमच्या बाल्कनीची दिशा ही खरी अडचण आहे. झाडाला भरपूर उजेड हवा, पण दुपारनंतरचं थेट ऊन नको, आणि पश्चिमेला नेमकं तेच मिळतं. कठड्यापासून जितकं आत, घराच्या भिंतीकडे नेता येईल तितकं न्या. ऑक्टोबर ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. कबुतरांसाठी जाळी लावली असेलच, तिच्यावरच शिवता येते. पूर्वेची खिडकी असेल तर ती पहिली पसंती, सकाळचं दोन तासांचं कोवळं ऊन याला आवडतं. उत्तरेची बाल्कनीही चांगली. तिथे ऊन येतच नाही हा समज मात्र पुरता खरा नाही. मेच्या मध्यावर मुंबई-ठाण्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटापर्यंत तिकडेच असतो, म्हणून मेअखेरीला उत्तरेच्या बाल्कनीतली पानंही कधी कधी भाजतात. आणि एसीचं बाहेरचं युनिट बाल्कनीत कुठे आहे ते जरूर तपासा. त्याच्या गरम झोतात टांगलेलं झाड कितीही पाणी घातलं तरी टोकाकडून करपत जातं, आणि लोक पाणी वाढवत बसतात.

ऋतूंमध्ये पावसाळ्याइतकाच अवघड काळ म्हणजे ऑक्टोबर. चार महिने ढगाळ उजेडात वाढलेली पानं कोवळी असतात. नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास आकाश एकदम स्वच्छ होतं, हवा कोरडी पडते आणि दोन दुपारींत पानं भाजतात. म्हणून शेडनेट पाऊस ओसरायच्या आतच लावून ठेवायची. आपल्याकडची थंडी याला काहीच नाही, फक्त वाढ मंदावते. एप्रिल-मेच्या दुपारी पानं थोडी लवली तर घाबरून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी सावरतात का बघा. सावरली तर ते नुसतं उष्म्याने होतं.

खत फारच कमी लागतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, भिजवायच्या पाण्यातच. तेही नवी पानं येत असतील तर. तुमच्या झाडाला नवं निरोगी पान फुटेपर्यंत अजिबात नको, आजारी मुळांना खत भाजतं. ढालपानांमागे केळीची सालं खोचायचा उपाय सगळीकडे फिरतोय. ऑस्ट्रेलियातल्या परसात तो चालत असेल, आपल्या बाल्कनीत त्याने चिलटं, मुंग्या आणि झुरळं येतात आणि ओल वाढते ती वेगळीच. मला तो मुळीच पसंत नाही.

किडींत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या दोन येतात. कानाच्या काडीला स्पिरिट लावून फक्त किडीवर टेकवा. नीम तेल आणि साबणाच्या फवाऱ्याने पानावरची लव चिकटते आणि पान डागाळतं, म्हणून मी ते नेच्यांवर टाळते. अगदीच मारायचं झालं तर एका पानावर मारून आठवडाभर वाट बघा. पावसाळ्यात कोवळ्या पानांना गोल खाडे पडलेले दिसले तर रात्री टॉर्च घेऊन बघा, गोगलगायी असतील. कुंड्यांच्या मातीतून चौदाव्या मजल्यापर्यंतही पोहोचतात त्या. हाताने उचलून काढायच्या, पण हातमोजे घालून.

आता समजा, कोंब दाबल्यावर मऊ लागला. तरी फळी टाकू नका. तुमचं झाड बायफर्केटम असेल तर मुळांपासून कडेने नवी पिल्लं येतात. ढालपानांच्या कडा आणि खालची बाजू नीट बघा, रुपयाएवढी हिरवी चकती दिसली तर ते पिल्लू आहे. मूळ कोंब गेल्यावर अशी पिल्लं बऱ्याचदा जोर धरतात. आंबूस वास असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पाठ साफ करून परत बांधा, नसेल तर आहे तशीच फळी कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवून दोन-तीन महिने वाट पाहायला हरकत नाही. झाड सुपरबम जातीचं असेल, जे बरेचदा 'ग्रँडे' म्हणून विकलं जातं, तर मात्र आशा नाही. ते पिल्लं देत नाही, कोंब गेला की संपलं. ओळखायला सोपं आहे: सुपरबमची ढालपानं वरच्या बाजूला मुकुटासारखी उभी पसरतात आणि त्यांना खोल कातरे असतात. बायफर्केटमची ढालपानं बहुतेक गोल आणि फळीला चपटी बसलेली असतात.

पिल्लं आली की लगेच सोडवून मैत्रिणींना वाटायची घाई नको. हाताच्या पंजाएवढी, स्वतःची दोन-तीन ढालपानं असलेली झाली की मग बघू. खरं तर ती एकत्रच चांगली वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाऊ बेटावर याच नेच्याच्या वसाहतींचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वसाहतीतली झाडं कामं वाटून घेताना दिसली: काही बीजाणू बनवतात, काही बनवतच नाहीत, आणि त्या न बनवणाऱ्यांची पानं जास्त पाणी धरून ठेवतात. मधमाश्यांच्या पोळ्याशी त्याची तुलना करावी की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. फळीवर पिल्लांचा झुबका असेल तर पाण्याची एखादी पाळी चुकली तरी निभावतं, हे मात्र माझ्याकडच्या फळ्यांवरही दिसतं.

सोसायटीच्या आवारात मोठं झाड असेल आणि कमिटी तयार असेल, तर बरं झाल्यावर याला फळीसकट किंवा फळीविना त्याच्या खोडावर बांधणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. आंबा, वर्षावृक्ष, फणस, खडबडीत सालीचं कुठलंही चालेल. पेरू, निलगिरी नको, त्यांची साल सुटते आणि नेचाही तिच्याबरोबर खाली येतो. खोडाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, डोक्याच्या उंचीवर, पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधायचं. या वर्षीचा मुहूर्त आजारपणात गेला, आता पुढच्या जूनलाच.

कोंब तपासलात की काय लागलं ते लिहा, जमलं तर कोंबाचा जवळून आणि फळीच्या मागच्या बाजूचा असे दोन फोटो टाका. जात कुठली तेही त्यावरून सांगता येईल.